काच बसविणाऱ्याची उधारी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्या जागी एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आज अनेक ठिकाणी काचेने मढविलेली कार्यालये उभी आहेत. घोडबंदर रस्त्यावरील दालने, कल्याण-शीळ मार्गालगतची दुकाने, डोंबिवलीतील बँकांच्या शाखा, जिकडे पाहावे तिकडे दर्शनी भाग काचेचा. ही काच बसविणारा कंत्राटदार मात्र बहुधा दहा-पंधरा कारागीर बाळगणारा लहान उद्योजक असतो. अशा माणसाला मोठे व्यापारी काम कशाच्या बळावर मिळते, हा प्रश्न वरवर पाहता त्याच्या धंद्यापुरता आहे. वस्तुतः तो आपल्या अर्थव्यवस्थेतील भांडवलाचा प्रश्न आहे.

काम कौशल्याने व कमी दराने मिळते, असे सामान्यतः समजले जाते. कौशल्य लागते, यात शंका नाही. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरते. काच एकदा तापवून कडक केली, की ती पुन्हा कापता येत नाही. माप अर्ध्या इंचाने चुकले तर ती काच भंगारात जाते. म्हणून दगडकाम, गिलावा, फरशी पुरी झाल्यावरच अखेरचे माप घ्यावे लागते. साहजिकच काचवाला इमारतीत सर्वांच्या शेवटी येतो. तोपर्यंत मालकाचा अंदाजलेला पैसा संपत आलेला असतो, उद्घाटनाची तारीख मात्र छापून झालेली असते. आधीच्या सर्वांनी केलेला उशीर त्याने भरून काढावा आणि पैशासाठी त्यानेच थांबावे, अशी ही रचना आहे. दुसरीकडे, ठराविक मापाची कडक काच अन्य कोणाला विकता येत नसल्यामुळे काच तयार करून देणारा कारखानदार आगाऊ रक्कम मागतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

आता साधा हिशेब मांडून पाहू. समजा, २० लाखांचे काम आहे आणि कंत्राटदाराचा नफा १२ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. त्याचे स्वतःचे १७ लाख ६० हजार गुंतले. बिल सहा महिन्यांनी चुकते झाले आणि ही रक्कम त्याने वर्षाला १८ टक्के व्याजाने उभी केली असेल, तर १ लाख ५८ हजार ४०० रुपये व्याजातच गेले. शिवाय दोषदायित्वाच्या नावाखाली ५ टक्के, म्हणजे एक लाख रुपये, आणखी वर्षभर अडकून राहिले. सहा महिन्यांनी त्याच्या हातात आलेले १९ लाख रुपये खर्च आणि व्याज मिळून १८ हजार ४०० रुपयांनी अपुरे पडतात. वस्तू व सेवा कराचा भरणा तर पैसे हाती येण्याची वाट पाहत नाही. तो या हिशेबात धरलेलाच नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बँक उद्योगाला कर्ज देते. येथे काच बसविणारा विकासकाला कर्ज देतो, आणि तेही बिनव्याजी!

म्हणजे निविदेत स्पर्धा होते ती दरांची नव्हे, थांबण्याच्या शक्तीची. ज्याच्या घरात जमीन आहे, ज्याची बँकेत पत आहे, तो कमी दर भरू शकतो. अनेक सरकारी निविदांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचे एक किंवा ४० टक्क्यांची तीन तत्सम कामे केल्याचा दाखला मागतात. ही अट अगदीच अनाठायी नाही. परंतु पहिले मोठे काम मिळाल्यावाचून दुसरे मिळू नये, असा तिचा परिणाम होतो.

कायदे नाहीत असे नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ साली आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन, असे थकलेले देणे प्रत्यक्ष फेडीपर्यंत खर्च म्हणून वजा करण्यास मनाई झाली. परंतु खरी मेख पुढेच आहे. काचवाला नुसता माल पुरवीत नाही आणि नुसती मजुरीही करीत नाही. दोन्ही एकत्र करतो. अशा एकत्रित बांधकाम-कंत्राटाला २००६ च्या कायद्याचे संरक्षण लागू होत नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ पासूनच्या काही निकालांत व्यक्त केले आहे. लहान उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचे केंद्र सरकारचे धोरणही बांधकाम-कंत्राटांना लागू नाही. दिवाळखोरी कायद्याचा दरवाजा ठोठवावा, तर मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर गेली आहे. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज तोच नेमका व्याख्येच्या बाहेर राहावा, हे विचित्र आहे.

याच महाराष्ट्रात स्वदेशीच्या काळात माणशी एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. भांडवल नसलेल्या समाजाने धंद्यासाठी भांडवल कसे जमवावे, याचा तो धडा होता. आजचा काचवाला भांडवल जमवतो, पण वापरतात दुसरेच.

तेव्हा कंत्राटदारांनी काय करावे? काचेच्या किमतीइतकी आगाऊ रक्कम मागावी. तीस दिवसांचा एक दर आणि नव्वद दिवसांचा दुसरा, असे दोन दर लेखी द्यावेत. पुरवठ्याचा आणि बसविण्याचा करार शक्य तेथे वेगळा ठेवावा. एकट्याने असे केल्यास काम शेजाऱ्याकडे जाईल, हे उघड आहे. म्हणून हे त्यांच्या संघटनेनेच हाती घेतले पाहिजे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी आपल्या कामांपुरता एक नियम करावा: मुख्य कंत्राटदाराने पुढचे बिल सादर करताना उपकंत्राटदारांची मागील देणी फेडल्याची पावती जोडावी. संसदेने बांधकाम-कंत्राटे २००६ च्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आणावीत.

आणि विकासकांकडे बोट दाखविताना आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांकडेही पाहावे. प्रवेशद्वाराला नवे काचेचे दार बसते, सभासद त्याचे कौतुक करतात, आणि बिल ‘पुढील सभेपुढे ठेवू’ म्हणून कपाटात जाते. त्या काचेचे पैसे कारखान्यात आगाऊ भरून झालेले असतात.