‘कळलं कधी?’

वडील जाऊन चौदा वर्षं झाली. लेक सहज मोबाइलवर सातबारा उघडते, तर त्यावर फक्त दोघा भावांची नावं. जुना फेरफार काढल्यावर उलगडा होतो. तेरावं उरकल्यावर ‘वारसनोंदीचं काम आहे ताई, इथे सही कर’ म्हणत तालुक्याला नेलं होतं, ते दुय्यम निबंधकाकडे. सही झाली होती हक्कसोडपत्रावर. प्रसंग कल्पित आहे, पण तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात तो कुणालाच नवा वाटणार नाही.

आता मुदत गेली का?

१९६३च्या मुदत कायद्यानुसार असा दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. ती सहीपासून नव्हे, फसवणूक कळल्यापासून मोजायची. कलम १७ तेच सांगतं. इथवर ऐकून ताईंना हायसं वाटतं. पण त्याच कलमात पुढे आहे: वाजवी दक्षता घेतली असती तर कळलं असतं, तेव्हापासून. समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवतो. दस्त नोंदणीकृत, फेरफाराची नोटीस चावडीवर लागलेली, दर भाऊबीजेला माहेरी येणं, आणि चौदा वर्षांत एकदाही उतारा पाहिला नाही? नोंदणीची तारीख हीच माहिती झाल्याची तारीख धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात म्हटलं आहे. सख्ख्या भावावर विश्वास टाकला याला निष्काळजीपणा म्हणणं मला तरी जड जातं; पण ते पुराव्यानिशी पटवावं लागतं. दाव्यात नुसतं ‘नुकतंच कळलं’ लिहून भागत नाही. कधी, कसं, कुणाकडून, हे सगळं हवं. नाहीतर मुदतीच्या मुद्द्यावर दावा दारातच फेटाळला जाऊ शकतो. मधल्या काळात भावांनी जमीन कुणा प्रामाणिक गिऱ्हाइकाला पुरते पैसे घेऊन विकली असेल, तर कलम १७चा आधार त्याच्याविरुद्ध चालत नाही.

सहीच खोटी असेल तर गणित वेगळं. तो दस्त मुळातच रद्दबातल, आणि मालकीच्या जोरावर ताबा मागायला बारा वर्षं असतात.

चोरीच्या वस्तूचं त्या मानाने सोपं. देव्हाऱ्यातली चांदीची समई कुणाकडे आहे हे ज्या दिवशी पहिल्यांदा कळेल, तिथून तीन वर्षं.

फौजदारीचं घड्याळ निराळं. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून कोर्टाने दखल घेण्यालाही तीन वर्षांची मुदत; चोर कोण हे माहीत नसेल तर तो कळल्यापासून. फसवून मालमत्ता लाटण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे मुदतच नाही. म्हणजे दिवाणी दाव्याची वेळ टळली तरी भावांवर फौजदारी खटला उभा राहू शकतो, फक्त तेवढ्याने जमीन परत नावावर होत नाही.

ताईंनी पहिल्यांदा काढलेला उतारा आता वकिलाच्या फायलीत आहे. डाउनलोड केल्याची तारीख त्याच्यावर छापलेली आहे. ताईंची तीन वर्षं तिथून सुरू होतात. भावांच्या हिशेबात ती अकरा वर्षांपूर्वीच संपली.