स्कोनमधले न दिसणारे मीठ

इंग्रज ज्याला स्कोन म्हणतात (आणि त्यांच्यातलेच कितीतरी जण ज्याला हट्टाने 'स्कॉन' म्हणतात), तो पदार्थ अलीकडे आपल्याकडच्या ओटीजीपर्यंत येऊन पोहोचला आहे. जॅम-क्रीमबरोबरचा गोड स्कोन नव्हे, तर तिखटमिठाचा. चीज, मिरपूड, कांद्याची पात घातलेला. आपल्या हाती पडल्यावर त्यात मेथी, ओवा आणि हिरवी मिरचीही जाते. पाव करायचा तर यीस्टची वाट पाहावी लागते. स्कोन पाऊण तासात ताटलीत येतो, त्यामुळे रविवारी उशिरा उठून न्याहारी आणि जेवण एकदमच उरकणाऱ्या घरांत त्याचे चांगले जमले आहे.

घरी केलेले म्हणजे चांगले, ही आपली ठाम समजूत. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. घरच्या भाजणीत शिळे तेल नसते, रंग नसतो, आणि वनस्पती तूप घालायचे की नाही हे आपल्या हातात असते. (वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलेच झाले. तरी स्कोनसाठी ते विकत आणण्याचे काही कारण मला दिसत नाही.) पण रक्तदाबाच्या रुग्णांना या पदार्थाबद्दल मी जो प्रश्न विचारतो, तो मैद्याचा नसतो. तो असतो सोडियमचा.

त्यासाठी स्कोन फुगतो कसा, हे आधी पाहावे लागेल. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल आणि ओलावा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पिठात बुडबुडे धरतात. बेकिंग पावडर म्हणजे हाच सोडा, त्यात कोरडे आम्ल आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायला थोडा स्टार्च. १८४३ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने अशी पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. एका बाईच्या पथ्यासाठी केलेली वस्तू पुढे जगभरच्या स्वयंपाकघरांत गेली. आता आम्हाला तिच्यावर पथ्य सांगावे लागते, हा भाग वेगळा.

सोड्याच्या वजनातला सुमारे २७ टक्के भाग सोडियम असतो. सपाट चमचाभर सोड्यात सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम येते, चमचाभर बेकिंग पावडरमध्ये साधारण ४५०. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढ माणसासाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, चहाचा एक लहान चमचा. जीभ मात्र सोडियम मोजत नाही, ती खारटपणा मोजते. सोडा खारट लागत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही.

आता आठ स्कोनांची नेहमीची कृती घेऊ. पाव किलो मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, ५० ग्रॅम खारे बटर, १०० ग्रॅम किसलेले प्रोसेस्ड चीज, दूध लागेल तसे. बेकिंग पावडरमधून ९०० मिलिग्रॅम सोडियम, मिठातून ११००, बटरमधून साडेतीनशे ते चारशे, चीजमधून हजार-बाराशे. प्रोसेस्ड चीज मऊ आणि एकजीव राहावे म्हणून त्यात सोडियमचे इतर क्षारही घालतात, त्यामुळे ते चवीला वाटते त्याहून जास्त सोडियम बाळगून असते. आकडे ब्रँडप्रमाणे थोडे खालीवर होतील. बेरीज साडेतीन हजारांच्या घरात जाते, म्हणजे एका स्कोनमागे साधारण ४५०. दोन खाल्ले की दिवसाच्या कोट्यातला जवळजवळ अर्धा भाग सकाळी दहालाच संपला. वर सॉस किंवा लोणचे घेतले असेल तर तो हिशेब निराळा. मीठ म्हणून जे हाताने घातले, ते या सगळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या एक काकू आहेत, वय साठीच्या पुढे. दोन गोळ्या चालू असून वरचा रक्तदाब १५८ च्या खाली येत नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी तिसरी गोळी सुचवली होती, आणि ती टाळता येईल का हे विचारायला त्या आल्या होत्या. बरोबर काका होते, वैतागलेले. "डॉक्टर, सहा महिने झाले, घरात सगळेच अळणी जेवतोय. हिच्यापायी आमटीसुद्धा गिळवत नाही," त्यांची तक्रार. गोळ्या नियमित होत्या, गुडघ्यासाठी वेदनाशामक घेत नव्हत्या (त्यानेही रक्तदाब चढतो, म्हणून ते विचारावेच लागते). मग मी सकाळपासून काय काय खाता ते विचारले. मुलगी इंग्लंडात, लेस्टरला. ती बाळंतपणाला आली होती तेव्हा आईला स्कोन शिकवून गेली. तेव्हापासून काकू दर दोन दिवसांनी एक घाणा काढतात आणि रोज सकाळी चहाबरोबर दोन खातात. दुपारच्या चहाला कधी एखादा.

"पण मीठ मी घालतच नाही हो त्यात," काकू म्हणाल्या. "चीजलाच असतं ना तेवढं."

मीठ नव्हते, हे खरेच. पण खारे बटर होते, चीज होते, आणि छान फुगावे म्हणून बेकिंग पावडर चांगली तीन चमचे. शिवाय आठवड्यातून तीन-चारदा पोट जड वाटले की फ्रूट सॉल्टची पुडी. त्या पुडीतही सोडाच असतो, आणि एका पुडीतले सोडियम दोन स्कोनांच्या जवळपास जाते. घरभर आमटी अळणी करून जे वाचवले होते, त्यातले बरेचसे न्याहारीला परत येत होते.

आम्ही स्कोन बंद केला नाही, फक्त कृती बदलली आणि पुडी थांबवली. सहा आठवड्यांनी त्याच दोन गोळ्यांवर वरचा आकडा १४६ होता. चमत्कार नव्हे, आणखी थोडे उतरायला हवे आहे. पण मीठ कमी करण्याने एवढाच फरक पडतो, आणि तो लहान नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश-सोडियम या अमेरिकी चाचणीत, नेहमीचाच आहार ठेवून सोडियम वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आणल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ७ मिलिमीटरच्या आसपास उतरला होता. रक्तदाब आधीच चढलेला होता त्यांच्यात उतार जास्त होता. काकांना आमटीत चिमूटभर मीठ परत मिळाले, त्यामुळे ते माझ्यावर खूश आहेत.

कृती अशी बदलली. दुधाऐवजी आंबट ताक घ्यायचे. ताकात आम्ल आयतेच असते, म्हणून बेकिंग पावडर लागत नाही. पाव किलो पिठाला पाऊण वाटी ताक आणि जेमतेम अर्धा चमचा सोडा पुरतो. यापेक्षा जास्त घालू नये. आम्लाला पुरून उरलेला सोडा साबणासारखा लागतो, आणि पिठातले ब-१ जीवनसत्त्वही नासवतो. (डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.) बटरऐवजी घरचे लोणी, फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केलेले. त्यात मीठ नसते. चीज शंभरऐवजी चाळीस ग्रॅम, जोडीला घरचे पनीर कुस्करून. खारटपणाची उणीव ओवा, भरडलेली मिरी, लसूण, मिरची भरून काढतात. मीठ पाव चमचा. एका स्कोनमागे सोडियम दोनशेच्या आसपास येते, निम्म्याहून कमी. पहिल्या आठवड्यात घरातले नाक मुरडतील. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग बाहेरची खारी खारट लागू लागते.

पिठाबद्दल एक सोय सांगतो, जी पावाच्या बाबतीत नसते. पावाला चिवट ग्लूटेन हवे, म्हणून तिथे मैद्याशिवाय अडते. स्कोनला ग्लूटेन नकोच असते. तो मऊ, भुसभुशीत व्हावा म्हणून तर लोणी थंड वापरतात, पिठात बोटांनी चोळतात आणि गोळा मळत नाहीत, नुसता गोळा करतात. म्हणजे निम्मी कणीक आणि पाव हिस्सा ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ घातले तरी बिघडत नाही. तंतू वाढतात, साखर जरा सावकाश चढते. मधुमेहींनी तरी एकावरच थांबावे. एक स्कोन म्हणजे साधारण २०० कॅलरी आणि जुन्या कृतीत पाच-सहा ग्रॅम संपृक्त चरबी. दोन पोळ्या खाल्ल्यासारखेच आहे, फक्त बरोबर भाजी नाही. तेव्हा सोबत काकडी, टोमॅटो, मोड आलेली मटकी काहीतरी असावे.

एक सावधगिरी मात्र ठळक सांगतो. हे वाचून कुणी 'लो सोडियम' मीठ आणायला निघेल. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बेकिंग पावडर आणि प्रोसेस्ड चीज यांचा आणखी एक त्रास आहे. त्यांतले फॉस्फेट डाळी-धान्यांतल्या फॉस्फेटपेक्षा फार सहज शोषले जाते. त्यांच्यासाठी ताक-सोड्याचा स्कोनही आहारतज्ज्ञाला दाखवूनच.

भाजताना सोनेरी रंगावर थांबावे. तांबूस-काळसर कडा कितीही खमंग लागल्या तरी तिथे ॲक्रिलामाइड जास्त तयार होते. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते भाजलेल्या-तळलेल्या पिठूळ पदार्थांत दाखवून दिले. माणसात त्याने कर्करोग होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. करपवू नये, एवढेच.

आणि ओव्हन नसेल तर अडत नाही. स्कॉटलंडमध्ये स्कोन जन्माला आला तो ओव्हनमध्ये नव्हे, चुलीवरच्या लोखंडी तव्यावर. बोटभर जाडीचा गोळा थापून त्याचे चार तुकडे करावेत, मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूने सात-आठ मिनिटे, मग उलटून तितकेच. काकू आता तसेच करतात, गॅसही कमी लागतो म्हणतात.