पाणी राखणारा बुळबुळीत थर

रांजणाच्या आत किंवा हौदाच्या भिंतीला हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत, अर्थात बायोफिल्म. या थराच्या कोरड्या वजनात जिवाणूंचा वाटा बहुधा १० टक्क्यांहूनही कमी असतो. बाकीचा भाग त्यांनीच बाहेर सोडलेल्या लांब साखळीच्या शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा असतो. हा चिकट पदार्थ जिवाणूंना जागेवर धरतो, ओलावा टिकवतो आणि वाहत्या पाण्यातले अन्न अडवतो. जलशुद्धीकरणात त्याच्या याच गुणाचा उपयोग होतो.

याचे जुने उदाहरण मंद वाळू गाळणीचे. जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी भागासाठी ती उभारली. सुमारे एक मीटर वाळूतून पाणी ताशी १० ते २० सेंटिमीटर इतके सावकाश उतरते. काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाळूच्या माथ्यावर दाट जैविक साय धरते. वाळूतल्या फटी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात; तरीही बहुतेक रोगजंतू चिकट सायीत अडकतात आणि तिथले आदिजीव त्यांना खातात. १८९२ मध्ये एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हॅम्बर्गमध्ये कॉलऱ्याने ८ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला असूनही वाळूच्या गाळणीमुळे बरेचसे बचावले. पावसाळ्यातले गढूळ पाणी मात्र आधी निवळून घ्यावे लागते, नाहीतर गाळणी तुंबते. गाळणी तुंबली की वरची साय खरवडतात; ती पुन्हा धरेपर्यंत गाळलेले पाणी पिण्यासाठी सोडत नाहीत.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यासारख्या, फटाक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावांच्या दृष्टीने बायोफिल्मचे आणखी एक काम मोलाचे आहे. शोभेच्या दारूत वापरले जाणारे परक्लोरेट पाण्यात सहज विरघळते आणि थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेण्यात अडथळा आणते. उकळून किंवा क्लोरीन टाकून ते जात नाही. काही जिवाणू मात्र प्राणवायू नसताना श्वसनासाठी परक्लोरेट वापरतात आणि त्याचे निरुपद्रवी क्लोराइड करतात. अशा जिवाणूंचा थर कोळशाच्या किंवा वाळूच्या कणांवर वाढवून, त्यांना अॅसिटिक आम्लासारखे खाद्य पुरवून कॅलिफोर्नियात दूषित भूजल शुद्ध केले जाते.

हाच थर नळाच्या पाइपात वाढला तर घातक ठरतो. चिकट आवरणामुळे क्लोरीन आत पोहोचण्याआधीच खर्ची पडते आणि रोगजंतूंना आसरा मिळतो. म्हणून गाळणीत हा थर जपायचा आणि पाइपात रोखायचा, त्यासाठी शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक ठेवायचे.