मुक्या पेशंटचे नातेवाईक

"शी कधी झाली?" डॉक्टर विचारतात. आई म्हणते, आज सकाळी. मुलगा म्हणतो, सकाळी नाही, काल रात्री, मीच खाली नेलं होतं. बाबा म्हणतात, पहाटेही झाली होती, पण पातळ होती. पातळ होती हे आईला दवाखान्यातच कळतं. टेबलावरचा तीस किलोचा लॅब्रॅडॉर शेपूट पायांत घालून भिंतीकडे तोंड करून उभा. पुढचा प्रश्न येतो, "उलटीत काय होतं? पिवळं पाणी, फेस, की न पचलेलं अन्न?" आता तिघंही गप्प.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्या अभ्यासक्रमात गाईपासून कोंबडीपर्यंत सगळं असतं, पण पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली तक्रार या डॉक्टरांच्या वाट्याला कधीच येत नाही. ती येते नातेवाइकांकडून. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफी हे सगळं पुढचं. कुठली तपासणी करायची हे ठरतं घरच्यांनी काय पाहिलं यावर. कुत्र्याची काळजी सगळेच करतात. त्याच्याकडे रोज नीट पाहणारं घरात एखादंच माणूस असतं, आणि दवाखान्यात नेमकं त्याच माणसानं जायला हवं.

आधी नेहमीचं काय, ते ओळखा

कुत्रा दुखणं सहसा ओरडून सांगत नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो, गाडीत उडी मारायची टाळतो, एकच पाय चाटत बसतो, चावताना घास एकाच बाजूला ढकलतो. आपण म्हणतो, आळशी झालाय, वय झालं. त्याचं नेहमीचं वागणं नक्की ठाऊक असेल तरच हे बदल डोळ्यात भरतात.

थोडे आकडे माहीत असलेले बरे. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्या हाताला तो एरवीही गरमच लागणार. "अंग तापलंय" म्हणून रात्री अकराला डॉक्टरांना फोन करण्याआधी थर्मामीटर लावावा. तो गुदद्वारात लावायचा असतो. नाक कोरडं किंवा गरम आहे म्हणजे ताप आहे, हा निव्वळ समज. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी हवेत. पुन्हा पुन्हा मोजूनही जास्त येत असतील तर हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी करायला हवी. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटानं दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतला रंग बघावा.

पाणी किती पितो, हेही मोजण्यासारखं आहे. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणं हे सहसा मूत्रपिंड, मधुमेह किंवा संप्रेरकांच्या बिघाडाकडे बोट दाखवतं. दहा किलोच्या कुत्र्यानं रोज लिटरभराहून जास्त पाणी संपवलं तर "उन्हाळा आहे" म्हणून सोडून देऊ नये.

थांबायचं की धावायचं?

एखादी उलटी झाली, नंतर शेपूट हलवत जेवायला आला, तर दिवसभर लक्ष ठेवून थांबता येतं. गवत खाऊन ओकणं बहुतेक कुत्र्यांत अधूनमधून होतंच. मात्र काही प्रसंगांत सकाळपर्यंत वाट पाहणं महागात पडतं.

पोट फुगलंय, उलटीचा जोर येतोय पण बाहेर काहीच पडत नाही, कुत्रा अस्वस्थपणे फेऱ्या मारतोय, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त दिसतं आणि त्यात काही तासांत जीव जातो. नर कुत्रा पाय वर करून जोर लावतोय पण लघवी होत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ फिट चालू आहे. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडल्यात: यांपैकी काहीही दिसलं की गाडी काढायची. मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. स्राव बाहेर दिसेलच असं नाही. तोंड बंद राहिलेलं गर्भाशय जास्त धोक्याचं. वेळेवर नसबंदी केलेल्या मादीला हा धोका जवळजवळ राहत नाही.

उन्हाळ्यात पग, शिह त्झू, बुलडॉग या आखूड नाकाच्या जातींना उष्माघात लवकर होतो. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि या जातींची श्वासाची वाटच अरुंद. अशा वेळी साधं पाणी अंगावर ओतून पंख्याखाली ठेवावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

गोचीड ताप: एक नाव, अनेक रोग

महाराष्ट्रातल्या श्वानपालकांना सर्वांत जास्त छळणारा आजार कुठला, असं विचारलं तर उत्तर बहुतेक एकच येईल: टिक फीवर. त्याबद्दल गैरसमजही तितकेच.

आपल्याकडे कुत्र्यावर सापडते ती मुख्यतः तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते: अळी असताना, मधल्या अवस्थेत आणि मोठी झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, गादीच्या शिवणीत दडते. मोठी मादी तिथेच हजारांच्या हिशेबात अंडी घालते. म्हणून कुत्र्याला आंघोळ घालून चार गोचिडी चिमट्यानं काढल्या की काम संपलं असं होत नाही. पुढची पिढी हॉलच्या स्कर्टिंगमागे वाट बघत असते. कुत्र्याला महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी आणि त्याच वेळी घराची फवारणी, दोन्ही लागतं. फवारणी चालू असताना कुत्रा दुसरीकडे ठेवायचा.

गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, जेवण सुटतं, प्लेटलेट घसरतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचलेला असल्यामुळे लगेच पपईच्या पानांचा रस काढला जातो. त्या रसानं एर्लिकिया मरत नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालते आणि ती साधारण चार आठवडे द्यावी लागते. गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, म्हणून ती जेवणासोबत द्यावी. मात्र दुधा-दह्यात लपवू नये, कारण कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. गडबड होते ती पाचव्या-सहाव्या दिवशी. कुत्रा जेवायला लागतो, शेपूट हलवतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. मग हाच रोग कित्येक महिने शरीरात दबा धरून राहू शकतो. एक दिवस नाकातून रक्त येतं तेव्हा अस्थिमज्जेपर्यंत तो पोचलेला असतो.

बबेसिया हा वेगळा प्राणी. तो एकपेशीय परजीवी तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडतात, लघवी गडद चहाच्या रंगाची होते. त्याच्या एका प्रकारावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होत नाही, दोन निराळी औषधं एकत्र द्यावी लागतात. म्हणूनच शेजारच्या कुत्र्याची उरलेली स्ट्रिप आपल्या कुत्र्याला देणं धोक्याचं. अशा वेळी डॉक्टर कानाच्या टोकावरून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी तपासतात किंवा किट लावतात. किट बहुधा प्रतिपिंडं शोधतं, आणि रोग बरा झाल्यावरही ती प्रतिपिंडं काही महिने राहतात. त्यामुळे गेल्या वर्षीची फाइल सोबत असेल तर डॉक्टरांना नवा आजार आणि जुनी खूण यांतला फरक करता येतो.

कार्डावरची तारीख

पिल्लू घरी आलं की पहिली धास्ती पार्व्होची. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो आतड्यांवर हल्ला करतो. रक्तमिश्रित जुलाब, सतत उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत लहान पिल्लू हातचं जातं. मातीत आणि फरशीच्या सांध्यात तो महिनोन्‌महिने टिकतो. रोजच्या फिनाइलनं मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी यांनी मरतो.

"एक लस झालीय" हे समाधान इथे पुरत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाचं रक्षण करतात आणि लसीला निष्प्रभही करतात. ती नेमकी कधी संपतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. लसीच्या कार्डावर तारीख, डॉक्टरांची सही आणि कुपीवरचा स्टिकर आहे का ते पाहून घ्यावं.

पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो येतो. तो कुत्र्याचं मूत्रपिंड आणि यकृत धरतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे नियमित. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना काढायलाही तिचं प्रमाणपत्र लागतं. अनोळखी कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून माणसानं दवाखाना गाठायचा.

तुपाची वाटी आणि औषधांचा डबा

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे "कोरडी कशी खाशील" म्हणत तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. ती भूतदयेची गोष्ट आहे, आहारतक्ता नव्हे. एकाच वेळी पोटात गेलेल्या भरपूर तुपा-तेलानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं भयंकर असतं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूधही पचत नाही. कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात, मग तो रश्शातला शिजलेला असला तरीही. द्राक्षं, मनुका आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट जितकं गडद तितकं जास्त विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम तर थोडेही घातक.

घरातल्या औषधांच्या डब्यालाही हात लावू नये. अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, हे उपचार ओळखीच्या केमिस्टच्या सल्ल्यानं सुरू होतात आणि जठरातला रक्तस्राव किंवा यकृत-मूत्रपिंडाची इजा होऊन संपतात. काही विषारी पोटात गेलं असेल तर पाकीट सोबत घ्या. काय, किती आणि किती वाजता, ही तीन उत्तरं डॉक्टरांना आधी लागतात. स्वतःच्या मनानं मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका.

दवाखाना नावाचं गाव

१८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्थाही स्थापन झाली. पुढच्या दशकात परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये तिथंच पशुवैद्यक महाविद्यालय आलं. तेव्हाचे पेशंट मुख्यतः ओझं ओढणारे बैल आणि घोडे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं, ते मात्र कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी. तालुक्याच्या गावी चित्र वेगळं. तिथला सरकारी दवाखाना गाई-म्हशी-शेळ्यांत गुंतलेला असतो. अवघड केससाठी नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा पर्याय माहीत असावा.

खर्चाचं बोलायला संकोच नको. "एवढ्यात काय काय करता येईल, आधी काय करूया?" असं डॉक्टरांना सरळ विचारावं. तपासण्यांचा क्रम लावून देणं त्यांना जमतं. बिल पाहून मध्येच गायब झालेल्या मालकाच्या कुत्र्याला वाचवणं जमत नाही. विमा घेत असाल तर आधीपासूनच्या आजारांबद्दलची कलमं वाचून घ्या.

कुत्र्याची दवाखान्याची भीती मात्र घरीच कमी होते. लहानपणापासून कान बघणं, पंजा हातात घेणं, ओठ उचलून दात पाहणं, मझल घालून खाऊ देणं यांची सवय लावावी. कधी नुसतं वजन करायला न्यावं, इंजेक्शन न देता परत आणावं. मझल ही शिक्षा नव्हे. दुखऱ्या जागी हात लागला तर सगळ्यात प्रेमळ कुत्राही चावू शकतो. लंगडणं, खोकला, फिट हे सगळं टेबलावर चढताच गायब होतं, म्हणून मोबाइलवर आधी व्हिडिओ काढून ठेवावा. पातळ शीचा फोटो दाखवताना लाजायचं कारण नाही. त्या खोलीत कुणालाच त्याची किळस येत नाही.

म्हातारपण

ग्रेट डेन सहा-सात वर्षांतच म्हातारा होतो, छोट्या जाती दहा-अकरापर्यंत तरतरीत असतात. या वयात वर्षातून दोनदा तपासणी, रक्त-लघवीची चाचणी आणि दातांकडे लक्ष दिलं तर पुष्कळ आजार आधी सापडतात. आणि शेवटी कधीतरी डॉक्टर दयामरणाचा विषय काढतात. घरात भांडणं होतात, कारण प्रत्येकाला वेगळाच दिवस आठवत असतो. कॅलेंडरवर रोज एक खूण करावी: आज स्वतः उठला का, आवडीचं खाल्लं का, आपल्याला पाहून आनंदला का. महिनाभराच्या खुणा समोर असल्या की निर्णय सोपा होत नाही, पण कुणा एकाच्या माथी बसत नाही.

या दिवाळीत

कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त वारंवारतेचे आवाज ऐकू येतात, तेव्हा सुतळी बॉम्बचं काय होत असेल याचा अंदाज करा. फिरवणं अंधार पडण्याआधी उरका. गळ्यात फोन नंबराचा बिल्ला हवाच, कारण घाबरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो. पलंगाखाली लपला तर ओढून काढू नका. जवळ बसलात, थोपटलंत तर भीती वाढत नाही. फारच घाबरट असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी भेटा आणि दिलेलं औषध एखाद्या शांत संध्याकाळी देऊन पाहा. नुसतं शरीर सुस्त करणारी काही जुनी औषधं भीती कमी करत नाहीत, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली गोळी परत देण्याआधी विचारा.

बेदाण्याचे लाडू आणि चॉकलेटचे खोके वरच्या फळीवर जाऊ द्यात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपले नेहमीचे डॉक्टरही स्वतःच्या घरी असतील. त्या रात्री कुठला दवाखाना उघडा आहे हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. मग घरातल्या एकानं कबूल करावं की चार दिवस कुत्र्यावर नजर त्याची. बाकीच्यांनी फराळ करावा.