दुनळीची वंशावळ

दर सप्टेंबरात दोह्याच्या कटारा सांस्कृतिक नगरीत ‘सुहैल’ नावाचं शिकार आणि ससाण्यांचं प्रदर्शन भरतं. २०१७ साली ते सुरू झालं. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा. तो दिसू लागला की वाळवंटातला उन्हाळा उतरणीला लागतो. ससाण्यांच्या जोडीला तिथे शिकारीच्या नव्या बंदुकाही असतात, आणि त्यांचे कागद सोबत येतात. शंभर-सव्वाशे वर्षांच्या दुनळी रायफलीला कागद नसतात. तिची ओळख तिच्या अंगावरच शोधावी लागते, आणि त्यात सर्वांत फसवी असते ती सगळ्यांत ठळक ओळ: दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेलं नाव.

दुनळी रायफल म्हणजे आटे पाडलेल्या दोन नळ्या. एक बार चुकला, तर वाघ अंगावर येण्याआधी दुसरा तयार. भारत ही तिची मोठी बाजारपेठ होती. संस्थानिक लंडनहून त्या घडवून घेत. संस्थानं गेली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा खेळ संपवला. राजवाड्यांतल्या पुष्कळ वस्तू मग लिलावांच्या वाटेनं जगभर गेल्या. कतारच्या राजघराण्यातल्या ‘अल थानी संग्रहा’त भारतीय जडजवाहिराबरोबर शस्त्रंही जमली, २०१९ मध्ये त्यातल्या कित्येक वस्तू न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या, त्यांत शाहजहानचा जेडच्या मुठीचा खंजीर होता. खंजिराच्या मुठीवर नक्षीकाम करणारा हात जाणकार ओळखतात. रायफलीत तो हात लपवलेला असतो.

समजा पट्टीवर ‘मँटन, कलकत्ता’ किंवा ‘रॉडा, कलकत्ता’ लिहिलंय. (हीच ती रॉडा कंपनी, जिची ५० माउझर पिस्तुलं १९१४ साली क्रांतिकारकांनी पळवली.) मद्रासची पी. ऑर ही तर मुळात घड्याळांची पेढी. तीही बंदुका विकायची. ही नावं बहुतेक वेळा विकणाऱ्याची. घडण बर्मिंगहॅमच्या कारागिरांची, आणि त्यांतल्या कितीतरी एकट्या वेब्लीच्या कारखान्यातल्या. लंडनच्या मानाच्या नावांचंही सगळं काम स्वतःचं नसे. हॉलंड अँड हॉलंडच्या जुन्या बंदुका बर्मिंगहॅमच्या स्कॉटनं घडवलेल्या सापडतात. म्हणून नावापेक्षा पत्ता कामाचा. पर्डीच्या पट्टीवर साउथ ऑडली स्ट्रीट असेल तर रायफल १८८२ नंतरची.

यानंतर नळ्या उतरवायच्या आणि उलट्या करून दारूच्या कोठ्याखालची सपाट बाजू बघायची. इथे खोटं बोलणं कठीण, कारण खुणा कंपनीच्या नसून परीक्षागृहाच्या असतात. बार भरून नळी फुटत नाही हे पाहिल्यावरच शिक्का बसे. लंडनचा शिक्का मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३चं; त्याचा जुना शिक्का मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड, १९०४ पासून मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’. पट्टीवर लंडन आणि पोटाखाली राजदंड दिसले की निम्मी गोष्ट कळलीच. शिवाय नळी करणाऱ्याची, खटका बसवणाऱ्याची बारीक आद्याक्षरं असतात. माझ्या मते रायफलीचे खरे जनक तेच, पण लिलावाच्या यादीत त्यांना जागा नसते.

कॅलिबर हा याहून निसरडा भाग. जुन्या शिक्क्यात एखादा साधा आकडा असतो. तो सांगतो की नळीत बसणारे शिशाचे किती गोळे एका पौंडात भरतात: १२ म्हणजे ०.७२९ इंच, २४ म्हणजे ०.५७९. पण तेवढ्यावर काडतूस ठरत नाही. ४५०, ५००, ५७७ (इंचाचे हजारावे भाग) या प्रत्येक मापात वेगवेगळ्या लांबीची काडतुसं होती. त्यासाठी कोठ्याचा साचा घेतात: ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू ओतायचा, गोठला की काढायचा आणि तासाभरानं मोजायचा, कारण तेव्हाच तो कोठ्याच्या मापाला येतो. घाई केली की आकडे चुकतात. एवढं करूनही मोठा धोका उरतो. १८९८ मध्ये रिग्बीनं ४५० नायट्रो एक्सप्रेस काढलं, ते काळ्या दारूच्या सव्वातीन इंची ४५०च्याच मापाचं, पण आत कॉर्डाइट, म्हणजे जास्त दाबाची बिनधुराची दारू. काळ्या दारूच्या नळीत ते अलगद जातं. नळीच्या पोटाखाली ‘कॉर्डाइट ७०–४८०’ असं कोरलेलं असेल, तरच ती नायट्रोची: ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी.

याच ४५०च्या मापात आखाताची गोष्ट दडली आहे. १८९०च्या दशकापासून मस्कत हा बंदुकांचा बाजार होता. तिथून गलबतांनी मकरान किनाऱ्यावर आणि पुढे उंटांवरून अफगाणिस्तान, वायव्य सरहद्दीपर्यंत मार्टिनी-हेन्री रायफली जात. त्यांची गोळी ४५०ची. बंडखोरांच्या हाती दारूगोळा लागू नये म्हणून ब्रिटिशांनी १९०७ मध्ये भारतात ४५०च्या काडतुसांची आयात बंद केली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी मग मापं हलवली: ४६५, ४७०, ४७५. म्हणून ४७०ची रायफल समोर आली की ती बहुधा या बंदीनंतरची. १९१२ मध्ये शस्त्रं सरकारी कोठारात ठेवण्याची सक्ती झाली आणि मस्कतचा बाजार आवळला गेला. ३ नोव्हेंबर १९१६ला शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानींनी ब्रिटिशांशी केलेल्या करारात शस्त्रव्यापार थांबवण्याचं कलम होतं.

शेवटी उरतो अनुक्रमांक. हॉलंड, पर्डी, रिग्बी यांच्या चोपड्या शाबूत आहेत. त्यात आकडा सापडला, तर कुणी मागवली, कोणत्या बाराला दोन्ही नळ्या एका जागी मारतात, हे मिळतं. बर्मिंगहॅमच्या अनामिक कारागिराची चोपडी कुठे मिळणार? अशा रायफलीच्या पाटीवर प्रामाणिक संग्राहकानं दोन ओळी लिहाव्यात: विक्रेता मँटन, कलकत्ता. घडण बर्मिंगहॅम, कर्ता अज्ञात.