औषधाच्या दुकानातला प्रथमोपचार

मेडिकल स्टोअरमधील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दोन तऱ्हेच्या प्रसंगांसाठी असते. काही प्रसंग दुकानात काम करणाऱ्यांवर येतात, काही दुकानाच्या दारात येऊन उभे राहतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला स्टेशनलगतचा गाळा बहुधा अरुंद असतो. पुढे काउंटर, मागे छतापर्यंत कप्पे, वर माळा आणि कोपऱ्यात इन्सुलिनचा फ्रीज. माळ्यावरून खोके उतरवताना स्टुलावरून तोल जातो, कटरने बोट कापते, फुटलेल्या ॲम्प्युलची काच हातात घुसते, पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरतो. जिथे ग्राहकांची साखर तपासून देतात, तिथे वापरलेली सुई टोचण्याचा धोकाही असतो. दारातले प्रसंग निराळे. लोकलच्या गर्दीतून उतरलेल्याला भोवळ येते, मधुमेही ग्राहकाला काउंटरपाशीच दरदरून घाम फुटतो, रिक्षाची धडक बसलेल्याला लोक दवाखाना शोधण्याआधी मेडिकलमध्ये आणतात.

कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. म्हणजे दुकान उघडे असताना आरोग्यशिक्षण घेतलेला एक माणूस तिथे हजर असणे अपेक्षित असते. पदविकेच्या अभ्यासक्रमात त्याने प्रथमोपचार शिकलेलाही असतो. राज्यातील फार्मासिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्या महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचे कार्यालय मुलुंड पश्चिमेला, ईएसआयएस रुग्णालयाच्या आवारात आहे. फार्मसी प्रॅक्टिस नियमावली, 2015 प्रमाणे नोंदणी चालू ठेवण्यासाठी 5 वर्षांत किमान 2 उजळणी वर्ग करावे लागतात. मात्र प्रथमोपचाराची खास सक्ती छोट्या दुकानापर्यंत पोचत नाही. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये दर 150 कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी सांगितली होती. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा मुख्यतः ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या मोठ्या आस्थापनांना लागू होतो. मालक, फार्मासिस्ट आणि दोन-तीन मदतनीस एवढ्यावर चालणाऱ्या मेडिकलमध्ये पेटी आणि प्रशिक्षण ही मालकाच्या समजुतीवर सोडलेली गोष्ट राहते.

प्रशिक्षणाची सुरुवात काउंटरच्या बाहेर येण्यापासून होते. फार्मासिस्टची सवय पलीकडून ऐकण्याची आणि अलीकडून देण्याची असते. कोसळलेल्या माणसाजवळ मात्र गुडघे टेकून बसावे लागते. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचे: विजेची तार, काच, वाहने. मग खांदे थोपटून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नसेल तर समोरच्या एकाच माणसाकडे बोट दाखवून त्याला 108 लावायला सांगायचे. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की फोन कोणीच करत नाही. छातीची हालचाल पाहायला 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. श्वास नसेल किंवा माणूस नुसताच आचके देत असेल, तर लगेच छातीवर दाब द्यायला घ्यायचे.

हा दाब पुतळ्यावर शिकवतात. तळहाताची टाच छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात तिच्यावर, कोपरे ताठ आणि जोर कमरेतून. प्रौढाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर दबली पाहिजे, वेग मिनिटाला 100 ते 120 हवा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. नवशिक्याची कोपरे वाकतात, दाब उथळ होतो आणि मोजता मोजता वेग वाढतो. दोन मिनिटांत दमछाक होते, म्हणून तेवढ्या वेळाने माणूस बदलतात. दुकानातल्या निदान दोघांना हे यायला हवे ते याचसाठी. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण असलेला दर 30 दाबांनंतर 2 श्वास देतो. इतरांनी नुसता दाब चालू ठेवला तरी चालते. कप्प्यांमधल्या बोळात बाजूला बसायलाही जागा नसते, त्यामुळे माणसाला कुठे आडवे करायचे हे प्रत्येक दुकानाने आधीच ठरवावे लागते.

पुढचा भाग फार्मासिस्टसाठी सर्वांत अवघड असतो, कारण त्यात कप्प्याकडे जाणारा हात आवरायचा असतो. वाहत्या रक्तावर पावडर किंवा मलम नको, स्वच्छ गॉज धरून थेट दाब हवा. तो मिनिटामिनिटाला उचलून पाहायचा नाही. भाजल्यावर 20 मिनिटे वाहते गार पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच लसीसाठी पाठवायचे. फिट आलेल्याच्या तोंडात काही घालायचे नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, घड्याळ पाहायचे, झटके थांबले की कुशीवर वळवायचे आणि झटके 5 मिनिटांपुढे गेले तर 108. सुई टोचल्यास बोट पिळायचे नाही. साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषध लागलेच तर ते जितके लवकर आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावे लागते.

गोळी-पावडरीचा उपयोग होतो असे प्रसंग मोजकेच. साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर 15 ते 20 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन 15 मिनिटांनी पुन्हा पाहायचे. बेशुद्धाच्या तोंडात थेंबही घालायचा नाही. छातीत दुखणाऱ्याला ॲलर्जी आणि रक्तस्रावाबद्दल विचारून ॲस्पिरिन चघळायला देता येते. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र लोकांनी मागितली म्हणून देऊ नये. ती चिठ्ठीवरची गोळी आहे, तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि रुग्णाने सिल्डेनाफिल घेतले असेल तर जिवावर बेतू शकते. रुग्णाला त्याच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिली असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

शेवटी दुकानाची व्यवस्था येते. विक्रीच्या मालातून ऐनवेळी बँडेज शोधायचे नसते. हातमोजे, गॉज, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्टी, कात्री, चिकटपट्टी आणि ग्लुकोज यांची पेटी वेगळी, हाताशी आणि बिनकुलपाची ठेवतात. तिच्यातल्या वस्तूंची मुदत इतर मालाबरोबरच तपासतात. 108 आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक फोनपाशी लावतात: अंधेरीला कूपर, घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीला कांदिवलीचे शताब्दी. काय घडले, किती वाजता, काय दिले हे कागदावर लिहून रुग्णासोबत पाठवले की पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

हाताचे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते, प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत ते टिकत नाही. म्हणून वर्षातून निदान एकदा पुतळ्यावर सराव हवा आणि त्यात फार्मासिस्टबरोबर काउंटरवरचा मदतनीस व घरपोच औषधे देणारा मुलगाही हवा. फार्मासिस्ट जेवायला गेलेला असताना दुकानात तेच असतात.