चटूगाचं पाणी आणि उघडी कनू

जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना या अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या हद्दीवरून चटूगा नदी वाहते. बुल स्लूस नावाच्या जागी ती खडकांच्या चिमटीत सापडते आणि दोन पायऱ्यांत मिळून सुमारे 14 फूट खाली कोसळते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इथून दोन माणसं एकाच उघड्या कनूतून खाली उतरली. एक होते क्लॉड टेरी, एमरी विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि पट्टीचे वल्हेकरी. दुसरे जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर. दोघांनी मिळून उघड्या कनूतून बुल स्लूस उतरण्याची ती पहिलीच वेळ, असं तिथले वल्हेकरी सांगतात.

कनू म्हणजे कयाक नव्हे. कयाकला वरून झाकण असतं. माणूस पाय पसरून आत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं चालवतो. कनूत गुडघे टेकून बसायचं, हातात एकाच पात्याचं वल्हं आणि वरून सगळं उघडं. लाट आत आली की आतच राहते. पाच मीटर लांबीची कनू काठोकाठ भरली, तर नुसत्या पाण्याचंच वजन अर्ध्या टनावर जातं. मग ती वळवायची कसली, तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं! दोन खडकांमध्ये अडकली तर प्रवाह तिला कागदासारखी दुमडतो. म्हणून खळाळत्या पाण्यात हवेच्या पिशव्या भरून आतली जागा अडवून टाकतात.

या होडीचा जन्म दूर उत्तरेकडच्या जंगलांत झाला. अल्गॉन्क्विन, ओजिब्वे आणि इतर मूळ रहिवाशांनी ती बर्चच्या सालीपासून घडवली. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच भाऊबंद. दोन्ही नावंही एकाच मुळातली. हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, तिकडच्या भूर्जाच्या सालीतून नद्या ओलांडल्या गेल्या. सालीचे तुकडे स्प्रूस झाडाच्या मुळांनी शिवायचे, आतून सीडरच्या फासळ्या बसवायच्या आणि सांध्यांवर स्प्रूसच्या राळेचा लेप द्यायचा. फाटली तर दुरुस्तीचं सामान काठावरच्या जंगलात उभंच असे. आपल्याकडची एका लाकडाची डोणी खांद्यावर घेऊन डोंगर चढता येत नाही. सालीची कनू येते. ज्या रॅपिडमधून, म्हणजे खळाळत्या उतारावरून, जाणं शक्य नाही, तिथे ती उचलून काठाकाठाने चालत जायचं. फरच्या व्यापारातले फ्रेंच-कॅनेडियन नावाडी अशा वाटेवर सुमारे 40 किलोचं एक गाठोडं, आणि बहुधा त्यावर आणखी एक, पाठीवर घेऊन चालत. काही रॅपिडच्या काठांवर बुडालेल्या सोबत्यांसाठी त्यांनी लाकडी क्रूस उभारले होते.

आधुनिक हौशी वल्हेकऱ्याला खळाळत्या पाण्यात उतरवलं ते मात्र विमानाच्या कारखान्याने. दुसरं महायुद्ध संपलं आणि लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. स्वस्त, टिकाऊ, देखभाल शून्य. दोष एवढाच की खडकावर घासली की तिथेच चिकटून बसे. पुढे रॉयलेक्स हे थरांचं प्लॅस्टिक आलं. ते खडकावरून घसरायचं आणि दुमडलेली होडी पुष्कळदा लाथ मारून पुन्हा सरळ करता यायची. बुल स्लूससारख्या जागी उघडी कनू नेण्याची हिंमत पुढे अनेकांना आली, त्यात या प्लॅस्टिकचा मोठा वाटा आहे.

पण होडीपेक्षा महत्त्वाचं आहे पाणी ओळखणं. दोन खडकांमधून जाणारं पाणी काळसर, गुळगुळीत होतं आणि त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला निमुळतं होत जातं, ती वाट. टोक उलट, प्रवाहाच्या वरच्या अंगाला असेल, तर खाली खडक दडलेला आहे. मोठ्या खडकाआड पाणी थांबतं, उलट फिरतं. तिथे होडी घुसवून दम घ्यायचा आणि पुढचा टप्पा नीट बघायचा. पायरीवरून कोसळणारं पाणी तळाशी स्वतःवरच मागे गुंडाळलं जातं. त्या गुंडाळीत होडी आणि माणूस दोन्ही अडकून पडतात. हे सगळं कळायला वर्षं लागतात, आणि एकदा कळू लागलं की नदीकडे पाहण्याची नजर पूर्वीची राहत नाही.

कार्टर यांचं नेमकं तेच झालं. (त्यांची आई लिलियन 1966 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेची परिचारिका म्हणून आपल्या विक्रोळीला आली होती आणि जवळजवळ दोन वर्षं इथे राबली. त्या घरात धाडस बहुधा आईकडूनच आलं असावं.) जॉर्जियातल्याच फ्लिंट नदीवर स्प्रूएल ब्लफ इथे मोठं धरण बांधायचं घाटत होतं. कार्टर आधी त्याला प्रतिकूल नव्हते. मग ते स्वतः कनू घेऊन फ्लिंटवर गेले आणि परत येऊन लष्करी अभियंत्यांचा अहवाल मांडी घालून वाचला. नौदलाच्या अकादमीत शिकलेला, अणुपाणबुडीच्या कामात मुरलेला तो माणूस. आकडे दाखवून त्यांना फसवायचं म्हणजे कठीण. धरणाचे फायदे फुगवून दाखवले आहेत, असं त्यांचं मत झालं. 1973 मध्ये त्यांनी त्या धरणाला नकार दिला. चटूगासाठीही त्यांनी वजन खर्च केलं. मे 1974 मध्ये ती ‘वन्य व निसर्गरम्य नद्यां’च्या राष्ट्रीय यादीत गेली आणि तिचा सुमारे 92 किलोमीटरचा पट्टा धरणांपासून कायमचा सुटला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1977 मध्ये त्यांनी पाण्याच्या अनेक सरकारी प्रकल्पांचा निधी रोखायला काढला, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे खासदार खवळले. त्या राजकीय किमतीची मुळं फ्लिंटच्या पाण्यात होती.

चटूगाची ओळख जगाला करून दिली ती मात्र एका चित्रपटाने. जेम्स डिकी यांच्या कादंबरीवरचा जॉन बूरमन यांचा ‘डिलिव्हरन्स’ 1972 मध्ये आला. त्याचं बरंचसं चित्रीकरण चटूगावर झालं होतं. चौघे मित्र, दोन कनू, एक लाकडी आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. धरणाखाली बुडणार असलेली नदी शेवटची पाहून घ्यायला ते निघतात. चित्रपटाचा गाभा भयाचा, पण प्रेक्षकांना खेचून नेलं खळाळत्या पाण्याने. लोक मिळेल ती होडी घेऊन, लाइफ जॅकेट न घालता, चटूगाकडे धावले. पुढच्या काही वर्षांत तिथे बरेच जण बुडून मेले. क्लॉड टेरी यांच्यासारखे जे लोक चित्रपटासाठी मदतीला होते, त्यांनीच पुढे माणसांना शिकवून नदीवर नेण्याचं काम अंगावर घेतलं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात 1972 मध्येच नान्टाहाला नदीच्या काठी पेसन केनेडी आणि त्यांच्या साथीदारांनी असंच शिकवण्याचं केंद्र सुरू केलं. तिथे तयार झालेले वल्हेकरी पुढे ऑलिंपिकपर्यंत गेले.

धरण आणि वल्हेकरी यांचं नातं नेहमी वैराचंच असतं असंही नाही. टेनेसीतल्या ओकोई नदीचं पाणी 1913 पासून एका लाकडी पाटातून वीजघराकडे जात होतं; पात्र कोरडं पडलं होतं. 1976 मध्ये तो पाट धोकादायक झाला म्हणून बंद केला आणि पाणी पुन्हा मूळ पात्रात आलं. वल्हेकऱ्यांच्या हाती अचानक एक उत्तम नदी लागली! पाट दुरुस्त झाल्यावर ती हातची जाऊ नये म्हणून ते संसदेपर्यंत लढले. वर्षातले 116 दिवस पात्रात पाणी सोडायचं ठरलं आणि बुडणाऱ्या विजेची भरपाईही मंजूर झाली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकची स्लालम, म्हणजे टांगलेल्या फाटकांमधून होडी वळवत नेण्याची, स्पर्धा याच नदीवर झाली. तिथे एकट्याच्या कनूत 17 वर्षांचा मिहाल मार्टिकान जिंकला. स्वतंत्र स्लोव्हाकियाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

महाराष्ट्रात कोलाडला कुंडलिकेवर राफ्ट आणि कयाक चालतात, तीही अशाच सोडलेल्या पाण्यावर. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रहाचा झेंडा धरला, त्याच धरणाचं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत. एरवी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं असं हे पाणी, अरबी समुद्राकडे वळवलेलं. भर उन्हाळ्यातही इथे रॅपिड उसळतात. मावळातल्या बुडालेल्या गावांचा हिशोब त्या पाण्यात मिसळलेला आहे. सकाळी पाणी सुटेपर्यंत गाइड काठावर थांबून राहतात, आणि सोडणं बंद झालं की हळूहळू खडक वर येतात.

चटूगावर मात्र कुणी पाणी सोडत नाही. पाऊस पडला तर पाणी, नाहीतर दगड. खालच्या टप्प्यात पाच धबधबे लागोपाठ येतात; शेवटच्याचं नाव सॉकेम डॉग. तो उतरला की पाणी एकदम गप्प होतं. कारण तिथे 1920च्या दशकात बांधलेल्या टुगालू धरणाचा जलाशय सुरू होतो. दिवसभर खळाळात झुंजलेले वल्हेकरी तिथून पुढे तीनेक किलोमीटर संथ पाण्यात, कनूच्या तळाशी साचलेलं पाणी उपसत, वल्हं मारत बाहेर पडण्याच्या जागेपर्यंत येतात.